गहाण वऱ्हाड ते पोकरा : हवामानाच्या कर्जात आधी पैसे कोण मोजतो?

१/
इ.स. १८५३ च्या मे महिन्यात एक अख्खा प्रांत कर्जापोटी सावकाराच्या ताब्यात गेला. प्रांत वऱ्हाड, सावकार ईस्ट इंडिया कंपनी, ऋणको हैदराबादचा निजाम. आज वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात असलेल्या कामरगावचे शिवारही त्या तारणात होते. तारण लिहून देताना तिथल्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते.

२/
१६५ वर्षांनी, २०१८ मध्ये, याच वऱ्हाडाचा समावेश असलेल्या प्रदेशासाठी पुन्हा एक मोठे कर्ज झाले. या वेळी धनको जागतिक बँक आणि निमित्त हवामान बदलाचे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हे त्याचे पूर्ण नाव. गावोगावी तो ‘पोकरा’ म्हणूनच ओळखला जातो.

दोन्ही कर्जे एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तरी एक प्रश्न दोन्हींना विचारता येतो : आधी पैसे कोण मोजतो आणि हिशेब कोणाच्या वहीत राहतो? हा धागा त्या प्रश्नाचा आहे. 🧵

३/
आधी जुने कर्ज. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची एक फौज होती. ती उभी राहिली निजामाच्या रक्षणाच्या नावाने, तिचे अधिकारी ब्रिटिश, तिच्यावर हुकूम चाले रेसिडेंटचा आणि खर्च मात्र निजामाच्या खजिन्यातून. खर्च थकला, थकबाकीवर थकबाकी चढली. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चाची हमी म्हणून कंपनीकडे गेले.

४/
१८६० च्या तहात निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. पहिल्या सालारजंगाने ते परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, पण इंग्रजांनी दाद दिली नाही. १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर घेतले आणि मोबदला ठरला वर्षाला २५ लाख रुपये. कर्ज फिटले, तारण सुटले नाही.

५/
कारण उघड होते. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण काळ्या जमिनीवरून पडली आणि त्या जमिनीत कापूस पिकत होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि साऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. आगगाडी आली, खामगाव आणि अमरावतीला फाटे निघाले. कापसाचा भाव आता गावाबाहेर, समुद्रापलीकडे ठरू लागला.

६/
या कथेत कारंजाचे स्थान विशेष आहे. कामरगावच्या शेतकऱ्याचे हे तालुक्याचे गाव. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून कृषी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याचीच नोंद होते. माप खरे असावे, कापसात भेसळ नसावी, व्यवहार ठरलेल्या जागी व्हावा, ही त्यामागची शिस्त. ती हवी होती प्रामुख्याने गिरण्यांना, कारण त्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळायला हवा होता.

७/
१८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजार चालवायला समित्या आल्या. त्यांत व्यापारी होते, नगरपालिकेचे प्रतिनिधी होते. ज्याची गाडी बाजारात रिकामी व्हायची, त्या शेतकऱ्याच्या प्रतिनिधित्वाची तरतूद मात्र नव्हती. नियम चांगले होते, पण ते करणाऱ्यांच्या बैठकीत शेतकरी नव्हता.

८/
त्याची किंमत लवकरच कळली. दुष्काळ सहसा न शिवणारा प्रांत अशी वऱ्हाडची ख्याती होती. १८९९-१९०० मध्ये पाऊस दगावला आणि ती ख्याती पुसली गेली. ज्वारीची आणि चराईची कितीतरी जमीन तोवर कापसाखाली गेली होती. जुनी पेवे आटली होती. रोकड पिकाच्या मागे लागलेल्या कुटुंबाला पावसाच्या एका फटक्यात धान्य विकत घ्यावे लागले, तेही चढ्या भावाने. हवामानाचा धोका आणि बाजाराचा धोका एकाच घरावर येऊन पडला.

९/
विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळकडे अरुंद रुळांची गाडी धावू लागली. लोकांनी तिला पुढे ‘शकुंतला’ म्हटले. ती उभी राहिली किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेतील भांडवलावर. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके तिची मालकी खासगी कंपनीकडे राहिली. प्रवासी वऱ्हाडचे, गाडी चालवणारी भारतीय रेल्वे आणि रूळ कंपनीचे. बाहेरून आलेले भांडवल किती दीर्घकाळ मुक्काम ठोकते, याचे याहून चांगले उदाहरण या तालुक्यात शोधावे लागणार नाही.

१०/
येथवरच्या कथेतून ‘बाहेरचा पैसा म्हणजे विष’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो अपुरा आहे.

कारंजाच्या बाजाराचे पुढे काय झाले ते पाहावे. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने बाजार समितीत उत्पादकाला जागा दिली. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, तोही वऱ्हाडच्या पद्धतीतील उणिवा दाखवून. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा पाया घातला. गिरणीच्या सोयीसाठी जन्मलेली संस्था, समितीत खुर्ची मिळाल्यावर, शेतकऱ्याला आपली म्हणून भांडता येईल अशी झाली.

११/
आता धनकोकडे वळू. जागतिक बँकेची कल्पना १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत साकारली. तेथील भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. भारत या संस्थेचा संस्थापक सदस्य. १९४९ मध्ये भारताला बँकेचे पहिले कर्ज मिळाले ते रेल्वेसाठी, ३ कोटी ४० लाख डॉलरचे. त्याच वर्षी शेतीसाठी दुसरे मिळाले, १ कोटी डॉलरचे. ते कांस गवताने व्यापलेली जमीन ट्रॅक्टरने मोकळी करण्यासाठी होते.

१२/
वाशीमला अशा पैशाची ओळख पोकराच्या आधीच झाली होती. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. वाशीम त्यांत होते. पुढे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने याच सहा जिल्ह्यांत समन्वित कृषी विकास प्रकल्प, म्हणजे ‘केम’, राबवला गेला. त्या सगळ्यामागचे शब्द होते कर्जबाजारीपणा, उत्पन्न, उपजीविका. ‘हवामान’ हा शब्द मध्यभागी आला नंतर.

१३/
तो धोरणात आला ३० जून २००८ रोजी. त्या दिवशी राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा जाहीर झाला. त्यातील आठ अभियानांपैकी एक शाश्वत शेतीचे. राज्यांनीही आपापले आराखडे करायचे ठरले आणि महाराष्ट्रानेही अनुकूलनाचा आराखडा केला. २ ऑक्टोबर २०१५ रोजी, पॅरिस कराराच्या आधी, भारताने आपली उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रांना सादर केली. त्यात २०३० पर्यंतच्या हवामानविषयक कामांसाठी किमान अडीच लाख कोटी डॉलर लागतील असा अंदाज दिला होता. एवढा पैसा यायचा कुठून, हा प्रश्न त्याच कागदावर उभा राहिला.

१४/
श्रीमंत देशांचे उत्तर २००९ च्या कोपनहेगन परिषदेत आले होते : २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर. श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशेबाने हा आकडा प्रथम गाठला गेला २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा. त्यातील सरकारी पैशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्जाचा होता. या हिशेबात कर्जाची दर्शनी रक्कम ‘दिलेले वित्त’ म्हणून मांडली जाते. व्याजासह परत येणारा पैसाही वाढलेल्या ताटाप्रमाणे मोजला जातो.

१५/
पोकरा या चौकटीतला प्रकल्प. फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. एकूण खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये, त्यात ७० टक्के बँकेचे कर्ज आणि ३० टक्के राज्याचा वाटा. मराठवाड्याचे आठही जिल्हे, वाशीमसह विदर्भाचे सहा आणि खानदेशातले जळगाव. पाच हजारांहून अधिक गावे, त्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावेही आली.

१६/
प्रकल्पात चांगले ते चांगले म्हणायला हवे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली गेली : पाऊस किती, अडले किती, पिकांना लागणार किती. शेतीशाळा भरल्या. रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरणे रुळू लागले. त्यात पावसाचा खंड पडला तर सरीतली ओल उपयोगी पडते, अतिवृष्टी झाली तर त्याच सरीतून पाणी निघून जाते. गावपातळीवर ग्राम कृषी संजीवनी समिती आली आणि तिच्यात महिलांना जागा मिळाली. अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जाऊ लागले.

१७/
आता कर्जाच्या अटी. मुदत २४ वर्षे, त्यात परतफेडीला पहिली सहा वर्षे सवलत. म्हणजे २०१८ च्या पेरणीची फेड २०४० च्या पुढे जाते. २००५ पासून परदेशी कर्ज केंद्र सरकार राज्यांना ज्या अटींवर मिळाले त्याच अटींवर देते. अर्थात विनिमय दराची जोखीमही राज्याच्या खजिन्यावर. २०१८ च्या आरंभी डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. २०२४ अखेर तो ८५ ला टेकला. व्याजदर सौम्य दिसतो, पण रुपया घसरला की मुद्दल फुगते.

१८/
येथे एक मूलभूत विसंगती आहे. वीजप्रकल्पाला कर्ज दिले तर वीज विकून ते फेडता येते. अनुकूलनाचे तसे नाही. कामरगावच्या एखाद्या शेतात ओल टिकली, पीक तगले, कुटुंब स्थलांतरापासून वाचले, तर तो मोठाच लाभ. पण त्यातून डॉलर निर्माण होत नाहीत. नुकसान टळणे हे ज्या कामाचे फळ, त्या कामाला परतफेडीचे कर्ज हे साधनच बेताचे शोभते. तिथे अनुदान हवे.

१९/
न्यायाचा प्रश्नही याच जागी उभा राहतो. भारतातील माणशी कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. कोरडवाहू सोयाबीन-तूर पेरणाऱ्या कुटुंबाचे उत्सर्जन तर देशाच्या श्रीमंत शहरी घरांच्या शेजारीही ठेवता येणार नाही. आकाश तापवण्यात ज्याचा हात सर्वांत लहान, त्याच्या राज्याने तापलेल्या आकाशाशी जुळवून घेण्यासाठी कर्ज काढायचे आणि तेच कर्ज जगाच्या ताळेबंदात मदत म्हणून लिहिले जायचे. १८५३ ची फौज ‘निजामाच्या रक्षणासाठी’च होती, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

२०/
हाच क्रम गावात पुन्हा दिसतो. पोकरातील वैयक्तिक लाभाची रीत अशी : शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करायचा, गावच्या समितीची मान्यता, मग कार्यालयाची पूर्वसंमती. त्यानंतर शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यायची किंवा काम करायचे, देयके जोडायची. मग मोका तपासणी, छायाचित्रे, मंजुरी. शेवटी आधार जोडलेल्या खात्यात अनुदान. कागदावर ही साखळी चोख आहे. तिची पहिली कडी मात्र शेतकऱ्याच्या खिशाला अडकवलेली आहे.

२१/
एक हिशेब मांडून पाहू. समजा, कामरगावच्या एका अल्पभूधारकाने एक लाखाचे काम घेतले आणि त्यावर ७५ टक्के अनुदान आहे. त्याचा खरा वाटा २५ हजार, पण आधी उभे करायचे पूर्ण एक लाख. घरात २५ हजार आहेत असे धरू. उरलेले ७५ हजार शेकडा तीन रुपये महिन्याने उचलले आणि अनुदान चार महिन्यांनी आले, तर व्याजच ९ हजार. त्याचा वाटा झाला ३४ हजार. कागदावरचे ७५ टक्के अनुदान प्रत्यक्षात ६६ टक्क्यांवर आले. ते नऊ हजार वॉशिंग्टनच्या किंवा मुंबईच्या कोणत्याही वहीत दिसत नाहीत.

२२/
हिशेबातला दुसरा माणूस तर अर्जापर्यंतच पोहोचत नाही. ज्याला एक लाख उभे करता येत नाहीत, तो यादीत नाव येऊनही मागे सरतो. जो मक्त्याने वा बटईने दुसऱ्याचे शेत करतो, त्याच्याकडे सातबारा नाही. जी बाई शेत कसते, तिचे नाव सातबाऱ्यावर असेलच असे नाही. पाऊस दगावला तर फटका या तिघांनाच आधी बसतो. हवामानापुढे जो अधिक उघडा, तो योजनेपासून अधिक दूर, अशी ही उलटी उतरण आहे.

२३/
याला एक सबळ प्रत्युत्तर आहे. आधी पैसे दिले तर ते भलतीकडे जातात, वस्तू येतच नाहीत, मधला विक्रेता आणि दलाल गबर होतो. जुन्या वस्तुरूप अनुदानाच्या योजनांनी हा धडा दिलेला आहे आणि थेट हस्तांतरण त्याच अनुभवातून आले. हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचा अर्थ एवढाच की विश्वासाची व्यवस्था हवी. अविश्वासाचे व्याज सर्वांत गरीब माणसाने भरावे, असे त्यातून निघत नाही.

२४/
दुसरा प्रश्न पाण्याचा. ठिबक, तुषार संच, पंप यांना मागणी मोठी असते आणि ते स्वाभाविक आहे, कारण ते डोळ्यांना दिसते व ज्याच्या त्याच्या बांधात राहते. पण भूजलाला बांध नसतो. एका शेतातला पंप वाढला की शेजारची विहीर महिनाभर आधी तळ दाखवते. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून झाला असेल, तर खर्चाचा क्रम त्याने ठरवायला हवा : आधी नाला, बांध, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणे, मग उपसा. ताळेबंद फलकावर रंगवून ठेवण्यासाठी नसतो.

२५/
पोकराचा पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे धरले आहेत आणि खर्चाचा आकडा सुमारे ६,००० कोटींचा आहे. मागण्या मांडण्याची वेळ हीच. चार मागण्या पुरेत.

एक, दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याने फक्त स्वतःचा वाटा भरावा. उरलेली रक्कम काम तपासून शासनाने थेट विक्रेत्याला द्यावी.
दोन, सामूहिक पाणलोटाची कामे झाल्याशिवाय उपसा वाढवणाऱ्या वस्तूंना मंजुरी नको.
तीन, मक्त्याने कसणाऱ्याला आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रीला ग्रामसभेच्या दाखल्यावर पात्र धरावे.
चार, या कर्जाची शिल्लक रुपयांत किती, हे राज्याने दरवर्षी मराठीत जाहीर करावे.

२६/
पाचवी मागणी गावाच्या आवाक्याबाहेरची, दिल्लीने जगापुढे रेटायची : अनुकूलनाचा पैसा अनुदान म्हणून यावा आणि कर्जाची दर्शनी रक्कम मदत म्हणून मोजणे थांबावे. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे लक्ष्य ठरले आणि भारताने त्याला तेथेच उघड विरोध केला. तो विरोध योग्य होता. पण दिल्ली बाकूत जे मागते, तेच मुंबईने कामरगावला द्यायला हवे. गरिबाने आधी मोजू नये हे तत्त्व देशांच्या पंक्तीत खरे असेल, तर गावाच्या पंक्तीतही खरे असले पाहिजे.

२७/
१८५३ च्या तहावर सही करणाऱ्यांना कामरगाव माहीत नव्हते. १८९७ च्या कायद्याने तिथल्या शेतकऱ्याला बाजाराच्या दारापर्यंत आणले आणि बैठकीबाहेर उभे केले. पुढच्या कायद्यांनी त्याला खुर्ची दिली, आणि संस्था तेव्हाच बदलू लागली. ग्राम कृषी संजीवनी समिती ही अशीच एक खुर्ची आहे. आज तिला लाभार्थ्यांची यादी ठरवता येते, पैशाचा क्रम ठरवता येत नाही. तो अधिकार तिला मिळाला, तर फेडायचे कर्ज निदान कोणासाठी काढले होते, एवढे तरी २०४० नंतरच्या पिढीला सांगता येईल.

(समाप्त)